मोबाईलवरचा बाजार : सभासदांनी समजून घ्यावयाच्या काही गोष्टी



गेल्या हंगामाचे गाळप आटोपल्यावर कामानिमित्त आम्ही मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये दोन दिवस गेलो होतो. मुक्काम पुण्यात कोथरूडला पाहुण्यांकडे होता. दुपारी दोनच्या सुमारास सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनजवळ सहज बसलो आणि मोजू लागलो. तासाभरात एकोणीस पार्सले आली. एकात लहान मुलाचे बूट, एकात औषधे, एकात शाळेची पुस्तके आणि एका पिशवीत चक्क एक किलो साखर! रस्त्याच्या पलीकडेच किराणा दुकान होते. "दुकान समोर असताना साखर मोबाईलवर कशाला?" असे विचारले तर घरच्या बाई हसून म्हणाल्या, "भाऊजी, मी जिना उतरून जाऊन येईपर्यंत साखर दारात येते." ज्या पुण्यात दुपारी एक ते चार दुकान बंद म्हणून पाहुणा मुकाट्याने परत फिरायचा, त्याच पुण्यातला हा प्रकार.

गावी परतलो तर आमच्या गट ऑफिसात चिटबॉयच्या टेबलावरही तीन पार्सले. एकात फवारणी पंपाचे सामान, एकात ठिबकचे जोड आणि एकात उसाचे टॉनिक. म्हणजे हा बाजार पुण्यापुरता राहिलेला नाही, आपल्या बांधापर्यंत आलेला आहे. तो चांगला की वाईट, यावर पारावर वाद घालण्यापेक्षा तो चालतो कसा, त्यात आपला फायदा कोठे आणि धोका कोठे, हे समजून घेतलेले बरे. लागणीची नवी पद्धत आपण जशी समजून घेतो, तसाच हा विषय या अंकात घेत आहोत.

१. नवे काय आणि जुने काय

दूरच्या दुकानातून घरबसल्या माल मागविणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या देशात पोस्टाने १८७७ मध्ये व्ही.पी.पी.ची सोय सुरू केली. पंचांगाच्या मागच्या पानावरची जाहिरात पाहून कार्ड टाकायचे आणि पोस्टमन पार्सल घेऊन आला की पैसे मोजून ते सोडवून घ्यायचे, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी केलेले आहे. अमेरिकेतही १८९० नंतर सिअर्स कंपनी जाडजूड सूचीपत्र शेतकऱ्यांच्या घरी पाठवून नांगराच्या फाळापासून कपड्यांपर्यंत सर्व काही टपालाने विकत असे. तेथील गावोगावचे दुकानदार त्या वेळी असेच अस्वस्थ झाले होते.

आजच्या बाजाराचा एक पाया तर आपल्याच एका मराठी माणसाने घातला. पोस्ट खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. "मारुतीच्या देवळामागे, पाटलांच्या वाड्याशेजारी" असा पत्ता असलेल्या आपल्या देशात आज लाखो पार्सले मार्गी लागतात ती या सहा आकड्यांच्या आधाराने.

मग नवे काय? पुढील चार गोष्टी एकामागोमाग जुळून आल्या, हे नवे.

पहिली गोष्ट विश्वासाची. २००७ मध्ये बंगळूरला फ्लिपकार्ट कंपनी पुस्तके विकू लागली. पण बहुतेकांकडे बँकेचे कार्ड नव्हते, आणि ज्यांच्याकडे होते ते न पाहिलेल्या दुकानाला आधी पैसे देण्यास तयार नव्हते. २०१० मध्ये या कंपनीने 'माल हातात आल्यावर पैसे' ही सवलत दिली आणि गाडी रुळावर आली. म्हणजे नवे यंत्र आले, पण गिऱ्हाईक मिळाले ते जुन्या व्ही.पी.पी.च्या युक्तीने! दुसरी गोष्ट स्पर्धेची. जून २०१३ मध्ये ॲमेझॉन ही परदेशी कंपनी आपल्याकडे उतरली. तिसरी गोष्ट २०१६ सालची. एप्रिलमध्ये यूपीआय, सप्टेंबरमध्ये जिओचे स्वस्त इंटरनेट आणि नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी. एका वर्षात मोबाईल हाच बटवा झाला. चौथी गोष्ट २०२० च्या टाळेबंदीची. ज्यांनी कधी मोबाईलवर सुईसुद्धा मागविली नव्हती, त्यांनाही त्या वेळी ते शिकावे लागले.

२. पुण्यातील तीन उदाहरणे

या धंद्यातील तीन नावाजलेल्या कंपन्या पुण्यातच वाढल्या. तिन्ही एकमेकींशी ताडून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली फर्स्टक्राय. २०१० मध्ये सुपम माहेश्वरी आणि अमिताव साहा यांनी लहान मुलांचे कपडे, लंगोट, खेळणी मोबाईल-संगणकावरून विकण्यासाठी ही कंपनी पुण्यात सुरू केली. नुकत्याच बाळंत झालेल्या आईच्या हाती दवाखान्यातच भेटीची पेटी द्यायची, म्हणजे पुढची खरेदी आपल्याकडे होते, अशी त्यांची रीत. ऑगस्ट २०२४ मध्ये या कंपनीचे शेअर बाजारात आले. पण लक्षात घ्या, या कंपनीने नुसत्या पडद्यावर भागविले नाही. गावोगावी दुकानेही उघडली. आईला कापड हाताने चाचपून पाहायचे असते, हे त्यांना लवकर उमगले.

दुसरी एक्सप्रेसबीज. फर्स्टक्रायचा माल पोहोचविण्याच्या कामातून २०१५ मध्ये ही वेगळी कंपनी निघाली आणि इतरांचाही माल पोहोचवू लागली. यातून समजते ते असे की, या व्यापारात दुकानापेक्षा वाहतूक मोठी. आपल्या ऊसतोडणी-वाहतुकीसारखेच आहे. ऊस फडात उभा असून उपयोग नाही, तो वेळेवर गव्हाणीत पडला पाहिजे.

तिसरी आपल्या कामाची, ॲग्रोस्टार. शार्दूल शेठ आणि सीतांशु शेठ या बंधूंनी २०१३ मध्ये ही सेवा सुरू केली. शेतकऱ्याने फक्त मिस्ड कॉल द्यायचा, कंपनीचा माणूस उलट फोन करून त्याच्याच भाषेत पीक विचारणार, सल्ला देणार आणि बियाणे, खते, औषधे गावात पोहोचविणार. दुकानाला वळसा घालणारी ही योजना होती. पण पुढे काय झाले? काही वर्षांनी याच कंपनीने गावोगावच्या दुकानदारांनाच जोडून घेतले आणि आपल्या नावाची दुकाने सुरू केली. फोनवरून सल्ला घेतला तरी शेतकऱ्याला माल हातात देणारा, तक्रार ऐकणारा ओळखीचा माणूस लागतो, हाच याचा अर्थ. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

३. स्वस्त कसे पडते आणि कोणाला?

सभासद विचारतात, "साहेब, दुकानात जी बाटली हजाराला तीच मोबाईलवर साडेआठशेला कशी?" उत्तर सोपे आहे. कंपनी, तिचा वितरक, तालुक्याचा घाऊक व्यापारी आणि गावचा दुकानदार अशा चार पायऱ्यांतल्या एक-दोन गळतात. शिवाय गिऱ्हाईक जोडण्यासाठी काही कंपन्या सुरुवातीला भांडवलातून तोटा सोसतात. तो स्वस्तपणा कायमचा समजू नये.

पण खरा फरक उधारीत आहे. मोबाईलवर रोख द्यावे लागतात. दुकानदार ऊसबिलापर्यंत थांबतो. आता हिशोब करा. साडेआठशेची वस्तू आठ महिन्यांच्या उधारीवर हजाराला घेतली, म्हणजे ८५० रुपयांवर १५० रुपये व्याज झाले. हे आठ महिन्यांचे साडेसतरा टक्क्यांच्या वर आणि वर्षाचे सुमारे साडेसव्वीस टक्के पडते. सोसायटीच्या पीक कर्जाशी याची तुलना करून पाहा. पीक कर्ज वेळेवर उचलून, त्यातून रोखीने खरेदी केली तर हे व्याज वाचते. मग खरेदी दुकानातून होवो की मोबाईलवरून. रोखीची किंमत विचारली तर गावचा दुकानदारही दर उतरवितो, हा आमचा अनुभव आहे.

काही सभासद आपला गूळ आणि काकवी याच मार्गाने विकू पाहतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. पार्सलचे भाडे नुसत्या वजनावर नसते. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात आणि येणारा आकडा व प्रत्यक्ष वजन यांत जे जास्त असेल त्यावर आकार घेतात. ३० बाय २० बाय २० ची पेटी घेतली तर १२,००० भागिले ५,००० म्हणजे २.४ किलो. आत गूळ एकच किलो असला तरी भाडे २.४ किलोचे! पाचटासकट मोळी बांधून गाडी भरण्यासारखेच हे झाले. तेव्हा पेटी मालाच्या मापाची घ्यावी. कंपनीचे कमिशन, पॅकिंग, भाडे आणि परत आलेल्या पार्सलांचा खर्च हे सर्व मांडून मगच दर ठरवावा. नाही तर गूळ खपतो आणि घरात काही उरत नाही.

४. आमची एक चूक

आता एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. ती सांगताना आम्हांला संकोच वाटतो, परंतु तिच्यामुळेच हा लेख लिहावयास घेतला.

आमच्या गटातील एका सभासदाने मोबाईलवर जाहिरात पाहिली. 'ऊस स्पेशल, चार दिवसांत तण साफ.' त्याने आम्हांला फोन केला. "साहेब, दुकानापेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त मिळतंय, घेऊ का?" आम्ही त्या वेळी दुसऱ्या फडात तोडणीच्या गडबडीत होतो. औषधाचे तांत्रिक नाव विचारले नाही, लेबल विचारले नाही. "स्वस्त आहे तर घ्या की," एवढेच म्हणालो.

माल आला, पैसे दिले, वीस गुंठे लागणीत फवारणी झाली. पाचव्या दिवशी सभासदाच्या पत्नीचा फोन आला. त्या म्हणाल्या, "भाऊ, तण तसंच आहे, ऊसच पिवळा पडाया लागलाय." जाऊन पाहिले तर सुरळ्या करपलेल्या. बाटली मागितली. तिच्यावर उसाचे झोकदार चित्र होते. पण औषधाचे नाव, नोंदणी क्रमांक, बॅच नंबर, विषाचा रंगीत त्रिकोण, उतारा यांपैकी काहीही नव्हते. बिल विचारले तर खोक्यासोबत चुलीत गेलेले. फोन लावला तर बंद. ऊस पुन्हा फुटला, परंतु वाढीचा महत्त्वाचा काळ वाया गेला आणि त्या तुकड्याचा उतारा पडायचा तेवढा पडलाच. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध, हेच सांगता येईना.

गावातील दुकानदार त्या दिवशी बांधावर आला होता. तो म्हणाला, "साहेब, माझ्याकडचं औषध असतं तर शिव्या खायला का होईना, मी दुसऱ्या दिवशी हजर असतो. मला याच गावात राहायचंय."

हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. दुकानदार सगळेच धुतल्या तांदळासारखे नसतात. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारणे, म्हणजे ज्याला आपण लिंकिंग म्हणतो, ते दुकानातच होते. पण तेथे भांडायला माणूस समोर असतो. मोबाईलवरच्या बाजारात तो माणूस नसतो. त्याची जागा कागदाने भरून काढावी लागते. बिल आणि लेबल हाच तेथला साक्षीदार.

त्या सभासदाची आम्ही माफी मागितली. तो मोठ्या मनाचा, "तुमचा काय दोष" म्हणाला. पण दोष आमचाही होता. स्वस्त आहे का, हा प्रश्न दुसरा. आत काय आहे आणि पाठीशी कोण आहे, हा पहिला. तो आम्ही विचारला नाही.

५. कायदा आपल्या बाजूने काय सांगतो?

(अ) कीटकनाशके व तणनाशके : नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने कीटकनाशक नियमांत दुरुस्ती केली. परवानाधारक विक्रेत्याला ई-व्यापाराच्या मार्गाने घरपोच विक्री करण्यास परवानगी दिली. विक्रेत्याचा परवाना खरा आहे का, हे पाहण्याची जबाबदारी त्या ई-व्यापार कंपनीवर टाकली. म्हणजे मोबाईलवर औषध विकणे बेकायदा नाही, परवान्याशिवाय विकणे बेकायदा आहे.

(आ) टॉनिके : 'जैव उत्तेजक' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला पूर्वी कोणी विचारत नसे. २०२१ मध्ये ती खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणली गेली. 'वीस कांडी जादा' असे नुसते छापून भागत नाही.

(इ) अनुदानाचा युरिया : २०१८ पासून देशभर तो दुकानातील पॉस यंत्रावर ओळखीची खात्री पटवूनच देण्याची पद्धत बसली. कोणी फोनवर आगाऊ पैसे घेऊन अनुदानाचा युरिया घरपोच पाठवितो म्हणाला, तर तेथेच फोन ठेवावा.

(ई) ग्राहकाचे हक्क : २०२० च्या ई-व्यापार नियमांप्रमाणे कंपनीने तक्रार अधिकारी नेमावा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एक महिन्यात निवारण करावे, असे आहे. माल सदोष, बनावट किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक मोठी सोय केली. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. पैशाची फसवणूक झाली तर १९३० वर लगेच कळवावे. तेथे जेवढा उशीर, तेवढी रक्कम हातची जाण्याची शक्यता जास्त.

(उ) "शेतकरी धंद्यासाठी माल घेतो, तो ग्राहक कसा?" असे कोणी दरडावले तर घाबरू नये. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केले आहे.

६. एकट्याने की गटाने?

पुण्याचे आणखी एक उदाहरण देऊन हा धडा पुरा करतो. हे मोबाईल येण्याच्या कितीतरी आधीचे आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबईतही ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, संस्थेने घाऊक दराने पारखून माल घ्यायचा आणि तो गटाच्या दारात उतरवायचा, अशी तेथली पद्धत. घरपोच माल, मधल्या पायऱ्या कमी आणि रास्त दर! आज कंपन्या ज्याचा डांगोरा पिटतात ते सर्व त्यात होते. एक गोष्ट जास्त होती. माल पारखणारा माणूस गिऱ्हाइकांच्या बाजूचा होता.

आपण तर सहकारातलीच माणसे. एकेकट्याचा ऊस गुऱ्हाळवाला पडेल भावात घेई, म्हणून आपल्या वडिलांनी शेअर्स गोळा करून कारखाना उभा केला. विकताना आपण एकत्र झालो. खरेदी करताना मात्र रात्री अंथरुणात पडून, चष्मा न लावता, एकटेच बटण दाबतो! इफ्को ही शेतकऱ्यांची सहकारी संस्थाही आपला माल मोबाईलवरून विकते. म्हणजे सहकाराला हा मार्ग परका नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. प्रत्येक गावातील दहा-पंधरा सभासदांनी गट करावा. विद्राव्य खते, औषधे, ठिबकचे सामान यांची हंगामाची यादी एकत्र काढावी. तीच यादी घेऊन मोबाईलवरचा दर, सोसायटीचा दर आणि गावच्या दुकानदाराचा रोखीचा दर मागवावा. जो सर्वांत रास्त आणि मालाची लेखी जबाबदारी घेणारा, त्याला मागणी द्यावी. गटातील कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींकडे मोबाईलचे काम द्यावे, लेबल पाहण्याचे काम आमच्या शेतकी विभागाकडे द्यावे.

मोबाईलवरून खरेदी करताना एवढे पाळा :

१) मागणी देण्यापूर्वी तांत्रिक नाव, नोंदणी क्रमांक आणि विक्रेत्याचे पूर्ण नाव-पत्ता लिहून घ्या. ते दिलेले नसेल तर मागणी देऊ नका.

२) अनोळखी विक्रेत्याला आगाऊ पैसे देऊ नका. पैसे 'मिळविण्यासाठी' पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

३) पार्सल फोडताना दुसऱ्याला मोबाईलवर चित्रण करावयास सांगा. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख त्यात दिसू द्या.

४) बिल, खोके आणि रिकामी बाटली पीक निघेपर्यंत जपून ठेवा. ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवा.

५) नवे औषध सरसकट मारू नका. आधी दोन सऱ्यांवर मारून आठ दिवस थांबा.

६) शंका आली तर सील न फोडता बाटली गट ऑफिसात आणा. त्यासाठी तोडणीची गडबड असली तरी आम्ही काम बाजूला ठेवू. फोनवर "घ्या की" असे उत्तर आमच्याकडून यापुढे मिळणार नाही, याची खात्री बाळगावी.

शेवटी एकच सांगतो. पुण्याच्या त्या फाटकाशी पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांपैकी एकाने बोलता बोलता आपल्याच तालुक्याचे नाव सांगितले. घरी अडीच एकर ऊस, भाऊ शेती बघतो, हा गाडीवर पार्सले वाटतो. म्हणजे या बाजारात माल घेणारे आपण, पोहोचविणारी पोरे आपली, आणि त्या पिशवीतली साखरही आपल्यासारख्याच एखाद्या कारखान्याची. एवढे सगळे आपले असताना निदान व्यवहार तरी डोळे उघडे ठेवून करावा. वजनकाट्यावर उसाची गाडी उभी असताना आपण आकडा स्वतः पाहिल्याशिवाय हलत नाही. तीच सवय मोबाईलच्या काट्यावरही ठेवावी, एवढीच सर्व सभासदांना विनंती आहे.

ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग